मुलांना हवा शिकवताना

(ऊस विकास विभागाकडून)

या पानावर आम्ही एरवी बेणे, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. तो लहान मुलांचा आहे आणि हवेचा आहे. "ऊस विकास अधिकाऱ्याला हे काय सुचलं?" असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती. कारण शेवटी आम्ही उसावरच येणार आहोत.

झाले असे, की गेल्या हंगामात २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आपल्या कार्यक्षेत्रातील एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी आम्हाला बोलावले. पहिली ते चौथीची तीस-बत्तीस मुले, त्यांत ऊसतोड कामगारांचीही पाच-सहा. बाई म्हणाल्या, "साहेब, भाषण नको. मुलांना हवा शिकवा. पुस्तकात आहे, पण दिसत नाही म्हणून पटत नाही." आम्ही शेतकी पदविकावाले. मोठ्या माणसांना माती शिकवण्याची सवय, लहानांना हवा शिकवण्याची नाही. तरी हो म्हटले आणि मोटारसायकलच्या डिकीत एक बादली, दोन काचेचे ग्लास, मेणबत्त्या, खायचा सोडा, लिंबे आणि आपल्याच रानातली दोन वाळकी ढेकळे घालून गेलो.

रिकामा ग्लास रिकामा नसतो

पहिल्यांदा ग्लास दाखवून विचारले, "यात काय आहे?" सगळी पोरे एका सुरात ओरडली, "काही नाही!" मग ग्लासच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवला, ग्लास पालथा केला आणि सरळ बादलीतल्या पाण्यात तळापर्यंत दाबला. वर काढला तर बोळा कोरडा ठणठणीत. एका पठ्ठ्याला विश्वास बसेना. त्याने स्वतः येऊन बोळा चाचपला आणि गालाला लावून पाहिला. दुसऱ्यांदा ग्लास पाण्यातच थोडा तिरका केला. बुडबुडे भडभड वर आले आणि बोळा भिजला. "हवा पळाली!" एक मुलगी म्हणाली. बस. जे पुस्तकाच्या दोन पानांत पटत नव्हते, ते एका ग्लासात पटले.

मग वजनाची गोष्ट काढली. वर्ग वीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट उंच. या खोलीतल्या हवेचे वजन किती? कोणी म्हणाले पावशेर, कोणी म्हणाले काहीच नाही. आपल्याकडच्या उंचीवर एवढ्या खोलीतली हवा सुमारे सव्वाशे किलो भरते. म्हणजे ५० किलोची साखरेची अडीच पोती. पोरे वर आढ्याकडे पाहू लागली, जणू पोती तिथे टांगलेली आहेत.

हवेत काय काय असते, हे सांगायला बाईंनी शंभर दाणे मोजून ठेवले होते. ७८ हरभरे म्हणजे नत्रवायू. २१ शेंगदाणे म्हणजे प्राणवायू. उरला एक चिंचोका. त्या एका चिंचोक्यात बाकीचे सगळे वायू आले. आपण उच्छ्वासातून जास्त सोडतो तो कर्बवायू इतका थोडा, की दहा हजार दाणे घेतले तर त्यांत त्याचे जेमतेम चार. (पाण्याची वाफ वेगळी, ती कमी-जास्त होते.) दाण्यांचा हा हिशेब शिकवून झाल्यावर मुलांनी खाऊन टाकला, चिंचोका सोडून.

साखर कुठून येते?

आता आमच्या घरचा विषय आला. विचारले, "उसात साखर कुठून येते?" कोणी म्हणाले मातीतून, कोणी खतातून, कारखान्याच्या वसाहतीतला एक मुलगा म्हणाला, "बॉयलरमधून!" सभासद बंधूंनो, हसू नका. आपल्यातल्या किती जणांना याचे बरोबर उत्तर देता येईल?

साखरेत तीनच मूलद्रव्ये असतात : कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हायड्रोजन उसाला पाण्यातून मिळतो. कर्ब मात्र सगळा हवेतून येतो, त्या दहा हजारांतल्या चार दाण्यांतून. पान उन्हाच्या बळावर हवेतला कर्बवायू ओढते, मुळांनी आणलेल्या पाण्याशी त्याची सांगड घालते, साखर करते आणि प्राणवायू बाहेर सोडते. माती आणि खत देतात ती नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर अन्नद्रव्ये. त्यांच्याशिवाय पान हे काम करू शकत नाही. पण साखरेच्या दाण्यात ना युरिया असतो ना माती. ती हवा, पाणी आणि ऊन यांची कमाई आहे.

हे ऐकून तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे चहात आपण हवा घालतो?" आम्ही म्हटले, "होय बाळा, तसंच म्हण!"

इथे त्यांना इंग्लंडातल्या जोसेफ प्रीस्टली यांची गोष्ट सांगितली. १७७१ साली त्यांना असे आढळले, की बंद भांड्यात मेणबत्ती विझून गेल्यावर त्याच हवेत पुदिन्याची फांदी काही दिवस ठेवली, तर मेणबत्ती पुन्हा जळते. झाडाने हवा दुरुस्त केली होती. पुढे १७७४ साली त्यांनी प्राणवायू वेगळा काढला. अंगणातली तुळस असो की बांधावरचे कडुनिंबाचे झाड, दिवसा उन्हात त्यांचे हेच काम चालू असते.

ढेकळाचा श्वास

यानंतर रानातले वाळके ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडले. चुर्र आवाज करत त्यातून बुडबुडे वर येऊ लागले. "माती श्वास घेतेय!" असा गलका झाला. आम्ही त्यांना सांगितले, की चांगल्या जमिनीत साधारण निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीत निम्मे पाणी आणि निम्मी हवा असली, की आपले वडीलधारे म्हणतात वाफसा आला. मुळांनाही श्वास लागतो. पाणी तुंबले की पोकळीतली हवा बाहेर जाते, मुळे गुदमरतात आणि ऊस पिवळा पडतो. तेव्हा आपण युरिया टाकतो. खरे तर त्या उसाला खत नको असते, हवा हवी असते.

पदविकेला असताना वाफशाची व्याख्या आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. ती खऱ्या अर्थाने कळली या पोरांसमोर, ग्लासातले बुडबुडे बघताना. ज्या सभासदांचा अजूनही "पाणी जास्त तेवढा ऊस जास्त" यावर भरवसा आहे, त्यांनी एक ढेकूळ ग्लासात टाकून बघावे आणि निघालेली हवा आपल्या उसाच्या मुळाखालून गेली असे समजावे.

विहिरीतली हवा

पुढचा प्रयोग करताना आमचा हात थोडा थरथरला, हे कबूल करतो.

एका खोल पातेल्यात बुटकी मेणबत्ती पेटवून ठेवली. तांब्यात खायचा सोडा घालून त्यावर लिंबू पिळले. फेस आला. फेस खाली बसल्यावर तांब्या पातेल्यावर नुसता तिरका केला. पाणी सांडू दिले नाही, दिसेल असे काहीच ओतले नाही, तरी मेणबत्ती विझली. मुले गप्प झाली. "काय ओतलं?" "कर्बवायू. तो हवेपेक्षा दीडपट जड असतो, म्हणून खोलगट जागेत तळाशी बसतो."

आम्ही चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या गावात उन्हाळ्यात एका वापरात नसलेल्या विहिरीचा गाळ काढायचे ठरले. एक गडी दोराने खाली उतरला. थोड्या वेळाने त्याचा आवाज बंद झाला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. तोही वर आला नाही. तिसऱ्याला बायकांनी कमरेला मिठ्या मारून अडवले म्हणून तो वाचला. गाव म्हणाले, आसरांनी ओढले. विहिरीला नारळ झाला, काटे टाकले गेले, आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी झाली. पुढे वसतिगृहात एका पुस्तकात खोल, कोंदट विहिरीतल्या वायूंविषयी वाचले, तेव्हा आम्हाला त्या रात्री झोप आली नाही. कारण त्या विहिरीच्या काठावर इंजिनाची खोपी होती आणि खोपीत कंदील टांगलेला होता. तो कंदील दोराला बांधून आधी खाली सोडला असता, तर तो विझला असता आणि दोन माणसे घरी गेली असती.

ही गोष्ट आम्ही मुलांना सांगितली, घाबरवण्यासाठी नव्हे. दहा वर्षांच्या पोराला हे ठाऊक असेल, तर उद्या बाप विहिरीत उतरताना ते "आबा, आधी कंदील सोडा" असे म्हणेल. मोठ्यांसाठी मात्र थोडे जास्त लिहितो, ते कृपया नीट वाचावे :

१. जुन्या, झाकलेल्या वा वापरात नसलेल्या विहिरीत आधी जळता कंदील तळापर्यंत सोडावा. विझला किंवा मंदावला तर उतरू नये.

२. कंदील जळत राहिला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. काही विषारी वायू ज्योतीला कळत नाहीत. विहिरीत वा जवळ डिझेल इंजिन चालले असेल तर त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. इंजिन बंद ठेवावे, पंख्याने किंवा ब्लोअरने बराच वेळ ताजी हवा खाली सोडावी, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधावा आणि वर किमान दोन माणसे असावीत.

३. गोबरगॅसची टाकी, शौचालयाची टाकी वा मळीचा खड्डा यांत कंदील, काडी काहीही नेऊ नये. तिथे पेट घेणारे वायू असतात. अशा टाकीत स्वतः उतरूच नये.

४. खाली माणूस पडला तर मागोमाग उडी टाकू नये. मन मोठे असते, पण हवा तीच असते. दोराने ओढावे, ११२ ला फोन करावा.

धूर आला

विहिरीची गोष्ट संपत होती तोच खिडकीतून धूर आत आला. शाळेच्या पश्चिमेला तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवले होते. वाऱ्याने लोळ सरळ शाळेवर आला. बाईंनी खिडक्या लावल्या. मुले खोकू लागली. काळी काजळी वह्यांवर उतरली. ठरवून आणले असते तरी इतके वेळेवर आले नसते.

आम्ही म्हटले, "चला, श्वास मोजू." बाईंनी घड्याळ धरले. मुलांचे मिनिटाला वीस-बावीसच्या आसपास भरले, आमचे पंधरा. लहान मूल मोठ्यापेक्षा भरभर श्वास घेते आणि वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेते. त्याची फुफ्फुसे अजून वाढत असतात. धुरातले सगळ्यात बारीक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाच्या आसपास. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. म्हणजे फड बापाचा, पाचट बापाचे आणि धुराचा मोठा वाटा लेकराचा.

तोडकऱ्यांची एक मुलगी म्हणाली, "आमच्या कोपीत रोजच ऱ्हातो धूर. आई म्हणती, डोळे मिटून बस." तिला काय उत्तर द्यावे हे आम्हाला सुचले नाही.

दुसरी एक मुलगी खिडकीच्या फटीतून बघून हळूच म्हणाली, "आमचंच रान हाय ते." आणि मग तिने आम्हालाच विचारले, "साहेब, तुम्ही जाळता का?"

सभासद बंधू-भगिनींनो, खोटे बोलणे सोपे होते. पण ग्लास, मेणबत्ती आणि ढेकूळ समोर ठेवून खोटे बोलवेना. आम्ही सांगितले, "चार वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याही घरच्या दोन एकरांत जाळत होते. भाऊ काडी लावायचा आणि आम्ही त्या दिवशी रानात जायचं टाळायचो. दुसऱ्यांच्या बांधावर जाऊन जाळू नका असं सांगायचो, घरी गप्प बसायचो. आता जाळत नाही."

पाचटाचा हिशेब

पाचट का जाळतात, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. मजूर मिळत नाही. सरीतून पाणी पुढे सरकत नाही. उंदराची, सापाची भीती वाटते. फुटवा दबेल अशी शंका असते. आणि "राखेचं खत होतं" असे आजोबा सांगून गेलेले असतात. यातले एकही कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण हिशेब मांडून पाहू.

एकरी सुमारे तीन ते चार टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्क्याच्या आसपास नत्र असते, म्हणजे एकरी पंधरा ते वीस किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे वीस किलो नत्र येते. तेव्हा काडी लावणारा सभासद पाऊण ते एक पोते युरिया धुरात सोडतो. राखेत पालाश थोडा उरतो हे खरे, पण नत्र आणि कर्ब हवेत जातात. वर्षभर पानांनी हवेतला एक-एक दाणा वेचून आणलेला कर्ब आपण अर्ध्या तासात परत करतो, आणि मग सेंद्रिय कर्ब कमी झाला म्हणून माती परीक्षणाचा कागद घेऊन आमच्याकडे येतो. शिवाय वरच्या थरातले गांडूळ आणि जिवाणू भाजतात. आग शेजारच्या उभ्या फडात गेली तर जळीत उसाचे वजन घटते, साखर मोडू लागते, कपात बसते आणि भाऊबंदकीत भर पडते ती निराळीच.

न जाळता करायचे ते असे : तोडणी झाल्याबरोबर पाचट सरीत सारखे पसरावे. बुडख्यांवर ढीग येऊ देऊ नये. बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचटाच्या दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकावेत. चार टन पाचट असेल तर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो जिवाणू. मग पाणी द्यावे आणि पाचट मातीला चिकटेल असे तुडवून घ्यावे. पहिल्या पाण्याला वेळ लागतो, हे खरे आहे. पाणी देणाऱ्याने एक काठी हाती ठेवून पाचट सरकवत जावे. पाचटाची कुट्टी करणारे यंत्र मिळाले तर काम आणखी सोपे होते. आमच्या घरच्या रानात दुसऱ्या वर्षापासून पाण्याची पाळी चार-पाच दिवस लांबली, तण कमी झाले आणि भावाने काडीपेटी खिशातून काढली.

पुढे काय झाले

पंधरा दिवसांनी त्या मुलीचे वडील गट कार्यालयात आले. रागातच होते. "साहेब, शाळेत काय शिकवलंत? निम्मं रान पेटवायचं राहिलंय, पोरगी काडीपेटी लपवून बसलीय. म्हणती, रान श्वास घेतं." आम्ही त्यांना बसवले, चहा मागवला. भांडण झाले नाही, पण लगेच पटलेही नाही. "पाणी पुढं जात नाही त्याचं काय?" यावर अर्धा तास गेला. शेवटी उरलेल्या एका एकरापुरते जिवाणू घेऊन गेले. जाळलेले एकर आणि न जाळलेले एकर आता शेजारी शेजारी आहेत. दोन्हींचे वजन आम्ही काट्यावर वेगवेगळे पाहू आणि जे येईल ते, कमी आले तरी, याच पानावर छापू.

आमची सभासदांना एवढीच विनंती आहे. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या लहान मुलाला जवळ बोलवा. एक ग्लास, एक बादली आणि कागदाचा बोळा घ्या. दहा मिनिटांचे काम आहे. पोरगे तुम्हाला प्रश्न विचारेल. त्यांतल्या एखाद्याचे उत्तर देता आले नाही तर आमच्याकडे या, आम्हालाही सगळी येत नाहीत, मिळून शोधू. ज्या शाळांना हे प्रयोग करून दाखवायला हवेत, त्यांच्या मुख्याध्यापकांनी आपल्या गटाच्या शेतकी अधिकाऱ्याकडे नाव द्यावे. आमची बादली तयार आहे.

पाचट कुजविणाऱ्या जिवाणूंची मागणी तोडणीपूर्वी आपल्या गट कार्यालयात नोंदवावी.

कळावे,
ऊस विकास अधिकारी